तडा गेलेली फ्रेम आणि दिलेला शब्द

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका रविवारी सकाळी, आमच्या वस्तीतील एक तरुण आपली सायकल हाताने ढकलीत माझ्या दारी आला. चाकांत हवा होती, चेन जागेवर होती. तरी तो सायकलवर बसला नव्हता. मी कारण विचारले. उत्तर न देता त्याने सायकल भिंतीला टेकवली, खिशातील रुमालाने हँडलखालचा जोड पुसला आणि म्हणाला, "फादर, जरा इथं बघा."

मी वाकून पाहिले. हँडलची उभी नळी आणि तेथून पायडलांकडे उतरणारी जाड तिरकी नळी जेथे एकमेकींना मिळतात, तेथल्या जोडाच्या कडेने एक काळी रेघ गेली होती. केसाहून ती जाड नव्हती. रंगावरचा ओरखडा असेल असे मला वाटले. परंतु त्याने त्यावरून नख फिरविले तेव्हा ते रेघेत अडकले.

हा मुलगा बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात कामाला आहे. घरापासून कारखाना बारा किलोमीटर. पहिल्या पाळीच्या वेळेला बस मिळत नाही, म्हणून वर्षभर पगारातून थोडे थोडे बाजूस टाकून त्याने अठरा हजार रुपयांची, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, गिअरची सायकल घेतली होती. तिला जेमतेम दोन वर्षे झाली होती. आठ दिवसांपासून चढावर जोर लावला की कुरकुर असा आवाज येई. सीट करकरत असेल अशा समजुतीने त्याने तेल सोडून पाहिले. शेवटी शनिवारी धाकटी बहीण चिखल धूत असताना तिच्या दृष्टीस ती रेघ पडली.

माझ्याकडे येण्यापूर्वी त्याला दोन सल्ले मिळाले होते. दुकानदार म्हणाला होता, "वेल्डिंग मारून देतो, आठशे रुपये होतील, पुन्हा नवी होते बघ." वडील म्हणाले होते, "रंगाचा एक हात मार आणि बाजारात विकून टाक. निम्मे पैसे तरी येतील." यांपैकी कोणता मार्ग धरावा, हे विचारायला तो आला होता. बोलता बोलता त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. सायकलबरोबर मिळालेले ते हमीपत्र होते. 'फ्रेमवर पाच वर्षे' असे त्यावर छापलेले होते. "पण दुकानदार म्हणतो, ते सगळं कागदावरचं असतं," तो म्हणाला.

पुढे दोन महिने या एका रेघेपायी आम्ही दोघांनी बरीच खटपट केली. त्यात मला ज्या गोष्टी कळल्या, त्या आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या उपयोगी पडतील असे वाटते. कारण आपल्या कितीतरी घरांतील मुले आजही सायकलवरच शाळेला आणि कामाला जातात.

धातूही थकतो

पहिला प्रश्न हा की, कोणी घाव घातला नसता लोखंड किंवा ॲल्युमिनियम तुटते कसे? तार हातात घेऊन एकदा वाकविली तर ती तुटत नाही. पण तीच जागा पुनःपुन्हा इकडे-तिकडे वाकवीत राहिले की थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे होतात. एका वेळी जो भार धातू सहज पेलतो, तोच हजारो-लाखो वेळा पडला तर त्याच्या पोटात बारीक चीर सुरू होते आणि ती दर हिसक्याला किंचित पुढे सरकते. यालाच अभियंते धातूची थकावट म्हणतात.

हे ज्ञान मनुष्याला स्वस्तात मिळालेले नाही. १८४२ साली पॅरिसजवळ व्हर्सायच्या मार्गावर आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला आणि अनेक माणसे दगावली. पुढे जर्मनीतील रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि पुनःपुन्हा पडणारा लहान भारही शेवटी मोठ्या भाराइतकाच घातक ठरू शकतो, हे सिद्ध करून दाखविले. तरीही १९५४ साली ब्रिटनची दोन 'कॉमेट' जेट विमाने आकाशात फुटली, तेव्हा चौकशीत हाच दोष पुन्हा उघड झाला.

सायकलच्या फ्रेमचेही असेच आहे. सायकलींच्या सुरक्षिततेसाठी ४२१० या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातील एका चाचणीत पायडलांवर आळीपाळीने, शंभर किलो वजनाइतका किंवा त्याहून थोडा अधिक दाब एक लाख वेळा द्यावा लागतो, आणि तेवढे होऊनही फ्रेमला कोठे तडा दिसता कामा नये. आपण रोज पायडल मारतो तो दाब याहून पुष्कळ कमी असतो. पण त्याची संख्या पाहा. मिनिटाला साठ फेरे धरले तर अवघ्या अठ्ठावीस तासांत एक लाख फेरे होतात. रोज चोवीस किलोमीटर जाणारा मनुष्य महिनाभरात हा आकडा गाठतो. शिवाय रस्त्यावरच्या खड्ड्यांचे हिसके निराळेच.

येथे पोलाद आणि ॲल्युमिनियम यांतील एक भेद ध्यानी घ्यावा. पोलादाच्या बाबतीत अशी एक मर्यादा असते की, तिच्या आतला भार कितीही वेळा पडला तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या मुद्दाम अधिक रुंद करतात. तेवढ्याने ते अविश्वासू ठरत नाही. नीट घडविलेली फ्रेम पुष्कळ वर्षे चालते. पण जोडात घडणीचा दोष राहिला असेल, तर तो तेथेच आणि लवकर प्रकट होतो.

तडा कोठे शोधावा

सायकल महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी आणि पाच जागा उजेडात पाहाव्यात. पहिली, हँडलच्या नळीजवळचे दोन्ही जोड, विशेषतः खालच्या बाजूने. दुसरी, पायडलांचा आस ज्या आडव्या कवचात बसतो त्याभोवती. तिसरी, सीटची दांडी जेथे नळीत शिरते तो माथा. चौथी, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांचे सांधे. पाचवी, मागच्या चाकाचा आस अडकविलेले दोन कान. सीटच्या दांडीवर एक रेघ कोरलेली असते. दांडी निदान तेथपर्यंत तरी नळीच्या आत असली पाहिजे. मुलगा उंच झाला म्हणून सीट त्या रेघेच्या वर ओढली, की सगळा ताण नळीच्या माथ्यावर येतो आणि ती तेथे फाटते. हमीपत्रे असे नुकसान भरून देत नाहीत.

रंगाची चीर आणि धातूचा तडा यांत भेद करण्याची युक्ती अशी. जागा साबणाने धुऊन कोरडी करावी, विजेरीचा प्रकाश तिरपा पाडावा आणि नख फिरवून पाहावे. पोलादात तड्याच्या कडेने गंजाची तांबूस रेघ दिसते. ॲल्युमिनियममध्ये ती बहुधा काळी दिसते. शंका उरली तर रेघेच्या दोन्ही टोकांना पेनाने खूण करून तारीख घालावी आणि जाणकाराला दाखवावे. मात्र तडा हँडलजवळ असेल तर खूण करून चालवून पाहण्याच्या मोहात पडू नये. मागची नळी तुटली तर सायकल अडते. हँडलजवळचा जोड सुटला तर स्वार उतारावर तोंडघशी पडतो. त्या मुलाने सायकल ढकलीत आणली, हे त्याने सर्वांत शहाणपणाचे केले.

वेल्डिंग का नको

दुकानदाराचा आठशे रुपयांचा उपाय मोहक होता. आपल्याकडच्या जुन्या, काळ्या, पोलादी सायकलींची मोडलेली फ्रेम गावोगावच्या कारागिरांनी डाग देऊन वर्षानुवर्षे चालती ठेवली आहे, आणि तेथे ते योग्यच होते. परंतु सायकलीसाठी वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची गोष्ट वेगळी आहे. सर्वत्र रूढ असलेल्या एका मिश्रधातूचे उदाहरण घेऊ. त्याच्या नळ्या जोडल्यानंतर कारखान्यात संपूर्ण फ्रेम भट्टीत सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवितात, झटकन थंड करतात आणि मग कमी उष्णतेवर कित्येक तास शेकतात. या संस्कारामुळेच त्या धातूला बळ येते. रस्त्याकडेच्या दुकानात त्यावर पुन्हा ज्योत फिरली की जोडाच्या आसपासचे ते बळ नाहीसे होते, आणि ते परत आणणारी भट्टी त्या दुकानात नसते. वरून जोड भक्कम दिसतो. फ्रेम त्याच्या शेजारी तुटते.

हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. त्या मुलाच्या कारखान्यातील एका वृद्ध मिस्त्रींनी समजावून सांगितले. ते म्हणाले, "जोडून मी देईन रे, पण त्यावर तुला बसू देणार नाही." आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. एकदा झाळकाम केले की मूळ तडा कसा होता याचा पुरावा जातो आणि हमीही जाते. म्हणून हमीची मुदत चालू असेल तर तडा गेलेल्या जागेला हात लावू नये, रंग देऊ नये, घासू नये.

रंग देऊन विकण्याच्या सल्ल्याबद्दल मी त्या मुलाला एवढेच विचारले, "घेणारा कोण असेल?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्यासारखाच कोणीतरी. नवी परवडत नाही असा." तो विषय तेथेच संपला.

हमीपत्र काय सांगते

उरला तो कागद. आम्ही तो भिंगाखाली धरून वाचला, कारण अक्षरे तशीच बारीक होती. बहुतेक कंपन्यांच्या हमीपत्रांत थोड्याफार फरकाने त्याच अटी असतात. हमी फक्त पहिल्या खरेदीदाराला मिळते. म्हणून बिल जपावे लागते. दोष माल वा घडण यांतला असावा. अपघात, अतिभार, सायकलचे खेळ, परस्पर केलेले फेरफार आणि नेहमीची झीज यांना ती लागू नसते. दोष ठरल्यास फ्रेम दुरुस्त करून किंवा बदलून मिळते. रंग तोच मिळेल असे नाही. जुन्या फ्रेमवरचे भाग काढून नव्या फ्रेमवर चढविण्याची मजुरी पुष्कळदा ग्राहकावरच असते. 'आजीवन' असा शब्द असला तरी त्याचा अर्थ कंपनीने कोठेतरी सांगितलेला असतो, तो शोधून वाचावा.

आम्ही पुढील गोष्टी एकत्र केल्या. बिल, हमीपत्र, फ्रेमचा क्रमांक (तो बहुधा पायडलांच्या आसाच्या कवचाखाली ठोकलेला असतो), संपूर्ण सायकलचे एक छायाचित्र आणि तड्याची जवळून घेतलेली तीन. मग प्रथम दुकानदाराला आणि त्याच्यामार्फत कंपनीला लेखी अर्ज द्यायचा, असे ठरले. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. कागदाला तारीख असते.

एक अवघड प्रश्न

अर्जाच्या नमुन्यात एक प्रश्न होता. 'सायकलला कधी अपघात झाला होता काय?'

मुलाने पेन खाली ठेवले. मागच्या वर्षी पावसात, चिखलावरून चाक घसरून, तो एका बाजूला पडला होता. कोपर खरचटले होते. ब्रेकची मूठ आणि एक पायडल घासले गेले होते. त्याच सायकलवर पुढे वर्षभर तो कामाला गेला होता. दुकानदाराने आधीच बजावले होते, "पडलो होतो असं चुकूनही लिहू नको. सरळ नाकारतील." वडिलांचेही तेच मत होते. "खरं बोलून अठरा हजार घालवायचे?" असे त्यांनी मला रोखठोक विचारले.

वाचकहो, मी उत्तर दिले. पण ते सहज दिले असे म्हणणार नाही. सल्ला देणे मला सोपे होते. पैसे त्यांचे होते. मी म्हटले, "कंपनीने पाच वर्षांचा शब्द दिला आहे, आणि तो तिने पाळावा असा आपला आग्रह आहे. मग आपल्या सहीखालचा शब्दही खरा असायला हवा. आपण खोटे लिहिले आणि ते उघडकीस आले, तर खऱ्या दोषाबद्दलही आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही." वडिलांना ते पटले नाही. मुलाने मात्र पेन उचलून लिहिले, 'होय. एकदा, बाजूवर.'

पंधरा दिवसांनी कंपनीचे उत्तर आले. अपघात झालेला असल्यामुळे हमी लागू नाही, एवढेच त्यात होते. फ्रेम कोणी पाहिलीही नव्हती. वडील काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणेच मला अधिक लागले.

पण मिस्त्रींनी धीर दिला. समोरून आदळलेल्या सायकलची लक्षणे वेगळी असतात, असे ते म्हणाले. पुढचा चिमटा मागे वाकतो आणि तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला फुगवटा किंवा सुरकुती येते. येथे चिमटा सरळ होता, नळीला कोठेही फुगवटा नव्हता, आणि तडा जोडाच्या अगदी कडेने गेला होता. बाजूवर पडल्याच्या खुणा मूठ आणि पायडल यांवर होत्या, फ्रेमवर नव्हत्या. हे सर्व आम्ही दुसऱ्या पत्रात छायाचित्रांसह लिहिले आणि फ्रेम प्रत्यक्ष तपासावी अशी मागणी केली. पडल्याची हकिगत आम्ही आधीच सांगितली होती, म्हणून हे पत्र आम्हांला ताठ मानेने लिहिता आले. लपविली असती तर हा मुद्दा मांडण्याची सोयच उरली नसती.

कायद्याचा आधार

दहा दिवस उत्तर आले नाही. तेव्हा आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे गेलो. तिचा दूरध्वनी क्रमांक १९१५ असा चार आकडी आहे आणि तेथे मराठी व कन्नड धरून अनेक भाषांत तक्रार नोंदविता येते. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठविते आणि कज्जा न होता तोडगा निघावा असा प्रयत्न करते.

त्यापुढचा मार्गही वाचकांना ठाऊक असावा. आपल्या देशात ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज द्यावा लागतो. आयोग दोष दूर करण्यास, वस्तू बदलून देण्यास, किंमत परत करण्यास किंवा नुकसानभरपाई देण्यास सांगू शकतो. गरज पडल्यास वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. म्हणूनच मोडलेली वस्तू फेकू नये.

आणखी दोन गोष्टी. बिल न देणे हा या कायद्याने अनुचित व्यापार ठरतो. तसेच सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हाही अनुचित व्यापारच होय. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावल्याने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. दुकानात ती पाटी दिसली तर घाबरू नये, आणि दुकानदाराशी भांडूही नये. बिल मागून घ्यावे.

आम्हांला आयोगापर्यंत जावे लागले नाही. हेल्पलाइनकडे तक्रार नोंदविल्यावर आठवड्याभरात कंपनीने दुकानदाराला फ्रेम पाठविण्यास सांगितले. त्यानंतर तीन आठवड्यांनी कळविले की, दोष जोडकामाचा असल्याने फ्रेम बदलून मिळेल. जुनी निळी होती, नवी हिरवी आली. मजुरी आणि हँडलचे नवे बेअरिंग मिळून नऊशे रुपये मुलाला भरावे लागले. हे सर्व होईपर्यंतचे दोन महिने त्याने कधी बस, कधी मित्राची गाडी, तर कधी पायी अशी कामाची वाट काढली. दोनदा पाळी चुकून पगार कापला गेला. त्याची भरपाई कोणी दिली नाही.

जुनी फ्रेम पुन्हा कोणी वापरू नये म्हणून ती कापून टाकण्याची सूचना कंपनीने दुकानदाराला केली होती. कापल्यानंतर जोडाचा तुकडा मागून घेऊन मुलगा तो माझ्याकडे घेऊन आला. सोबत त्याचे वडीलही होते. तड्याच्या जागी नळी उघडून पाहिली, तेव्हा बाहेरून बोटभर दिसणारी ती रेघ आतून जवळजवळ अर्ध्या नळीभोवती फिरलेली आढळली. जुना भाग काळपट आणि गुळगुळीत होता. अलीकडे फाटलेला भाग चकचकीत होता. किती दिवस तो मुलगा उरलेल्या अर्ध्या नळीच्या भरवशावर उतार उतरत होता, याचा हिशेब कोणी केला नाही.

वडिलांनी तो तुकडा हातात घेतला, बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मी ही विकायला सांगत होतो."

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तो हिरव्या सायकलवर कामाला गेला. निघण्यापूर्वी त्याने नव्या फ्रेमचा क्रमांक एका वहीत उतरवून ठेवला आणि दुरुस्तीची पावती त्याच हमीपत्राच्या घडीत घातली. आपल्या घरी सायकल असेल तर हे वाचून झाल्यावर वाचकांनीही एवढे करावे. बिल कोठे आहे ते शोधावे, आणि सायकल उलटी करून उजेडात एकदा नीट पाहावी.